नळ दोन, नदी एक

आमच्या मीरारोडच्या सोसायटीने मेंटेनन्सच्या पावत्यांसाठी स्वतःचा वेब सर्व्हर घेतला. पहिल्याच महिन्यात तो तीनदा आडवा झाला. तातडीची सभा भरली. संगणकवाला पोरगा म्हणाला, "काका, एकावर भिस्त नको. जोडीला दुसरा ठेवा. पहिला पडला की लोड बॅलन्सर सगळी गर्दी दुसऱ्याकडे वळवतो, कोणाला पत्ताही लागत नाही." वर हिशेब सांगितला: ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटं. सेक्रेटरींनी समोसा संपवत पाचही नऊ मंजूर केले.

दुसरा सर्व्हर आला, नारळ फुटला. ठेवला कुठे? मीटर रूममध्ये, पहिल्याला खेटून, त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर. इंटरनेटची वायरही तीच. शनिवारी वॉचमनने तिसऱ्या पॉइंटला चहाची किटली लावली, एमसीबी पडला आणि दोन्ही सर्व्हर जोडीने गेले. लोड बॅलन्सरही त्याच बोर्डावर होता, हे नंतर कळलं.

पण सेक्रेटरींना एकट्याला का हसावं? आमच्या मीरा-भाईंदर शहराला पाणी स्टेम प्राधिकरण देतं, एमआयडीसीही देते. ऐकून कसं निर्धास्त वाटतं! स्टेम शहाडला पाणी उचलतं ते उल्हास नदीतून, एमआयडीसी जांभूळला उचलते तेही उल्हासचंच. नळ दोन, नदी एक. खरी दुसरी सोय म्हणजे पालघरची सूर्या नदी; त्या प्रकल्पात शहराच्या नावे रोजचे २१८ दशलक्ष लिटर लिहिलेले आहेत. लिहिलेलं पाणी नळाला आलं तरच तहान भागते, तो भाग वेगळा.

विजेचीही तीच कथा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कारण सांगितलं: कळवा-पडघ्याचं सर्किट एक दुरुस्तीला होतं, सगळा भार दोनवर होता आणि दोनमध्ये बिघाड झाला. राखीव गडी रोजच्या कामाला जुंपला की राखीव कोणीच उरत नाही.

पोरगा आता विनवतोय, "काका, दुसरा सर्व्हर दुसऱ्या गावात ठेवा, दुसऱ्या विजेवर, दुसऱ्या वायरवर. दोघांचं दुखणं एक नको." कमिटीने त्याचं ऐकून घेतलं आणि एकमताने तिसरा सर्व्हर मंजूर केला. किटली हलवली की बोर्डावर एक पॉइंट रिकामा होतो.