तळ्याकाठी, नदीकाठी, घाटाखाली

निवृत्तीनंतर माणसाचे गुडघे दुखू लागतात आणि नेमके त्याच सुमारास त्याला डोंगर आवडू लागतात. आमच्या मामेसासऱ्यांना दोन्ही एकाच वर्षी झालं. डोंबिवलीच्या घरातून जन्मभर समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली धुणी बघितलेल्या या गृहस्थांनी एका कागदावर आपल्या भावी घराच्या अटी लिहून काढल्या : तळं जवळ, नदी जवळ, मागं डोंगर. मामींनी खाली चौथी ओळ लिहिली : वाणी जवळ.

मुळशी, पानशेत, लोणावळा झालं. तिथल्या भावात तळं दिसतं, पण ते शेजाऱ्याच्या गच्चीवरून. मग मामांनी महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरला आणि त्यांचं बोट बुलढाणा जिल्ह्यावर थांबलं. लोणारचं सरोवर, पूर्णा नदी, सातपुडा पर्वत. "एकाच जिल्ह्यात तिन्ही! जावईबापू, तिकिटं काढा."

नकाशा माणसाला अंतर सांगत नाही असं नाही, पण उत्साही माणूस ते विचारत नाही. लोणार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सातपुडा उत्तर टोकाला, आणि मध्ये अजिंठ्याचे डोंगर आडवे. बुलढाण्याची माणसं जिल्ह्याचे दोनच भाग मानतात, घाटावर आणि घाटाखाली. लोणार घाटावर. मामांनी डोंगरासाठी निवडलेलं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे घाटाखाली. "तळं थोडं लांब पडेल," मामा म्हणाले. तळं थोडं खारंही आहे. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं ते विवर जगभरचे शास्त्रज्ञ येऊन बघतात, २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी ते रामसर यादीतही गेलं. पण त्या पाण्यावर कुणी चहा ठेवत नाही. यादीतली पहिली ओळ अशी डोंबिवलीतच खोडली गेली.

मामांनी तिकीट काढायला सांगितलं जळगावचं. ते जळगाव खानदेशातलं, केळीचं आणि सोन्याचं. जळगाव जामोदला रेल्वे नाही, त्यासाठी मुंबई-नागपूर मार्गावर नांदुऱ्याला उतरायचं. हायवेलगतचा एकशेपाच फुटी मारुती बघायचा आणि एसटीत बसायचं. महिना वैशाखाचा. खिडकीतून येणारा वारा तोंडाला भाजत होता, आणि मामा सातपुडा दिसतो का म्हणून त्याच खिडकीला चिकटले होते.

येरळीला पूर्णा ओलांडली. "नदी!" मामा ओरडले. पुलाखाली वाळू, वाळूत बाभळी आणि मधूनमधून हिरवट डबकी. शेजारी धोतर-टोपीतले एक म्हातारबा बसले होते. त्यांनी चौकशी केली, "कोन्या गावचे? इकडे कायले?"

"नदीजवळ जागा बघतोय. राहायला."

म्हातारबांनी मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमाले सरकार पाण्यापासून उठवून राह्यलं, अन् तुमी पाण्यापाशी बसाले येऊन राह्यले?"

त्यांचं खोटं नव्हतं. पूर्णेवर नांदुरा तालुक्यात जिगावचं धरण वर्षानुवर्षं होतं आहे, आणि नदीकाठच्या कितीतरी गावांनी पुनर्वसनाच्या कागदांवर संसार काढले आहेत. त्यातल्या काहींना काही न करता तळ्याकाठी घर मिळेल, फक्त ते घर तळ्याच्या आत असेल. मामांनी खिडकी सोडली आणि सामान मांडीवर घेतलं.

जळगाव जामोदला आम्हाला घ्यायला आलेला दलाल उमदा माणूस होता. त्याचा एक ले-आउट नदीच्या बाजूला होता, दुसरा डोंगराच्या. आधी नदीकडचा. काळी कसदार माती, सपाट जागा, चारी बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या. बोअर चालू करून त्यानं ओंजळभर पाणी मामांच्या हातावर घातलं. मामांनी ते तोंडात घेतलं आणि बराच वेळ गिळलं नाही.

"मीठ आहे का यात?"

"हे वापराचं हाय भाऊ," दलाल म्हणाला. "प्याचं वानचं."

पूर्णेच्या खोऱ्याची ही गंमत बाहेरच्याला कळायला वेळ लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. गाळाच्या थरात मुरलेले क्षार विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतात. ओलितानं जमीन बिघडते, पिऊन माणूस बिघडतो; जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत किडनीच्या दुखण्यानं गेलेल्या माणसांची आठवण घरोघर निघते. म्हणून या दोन तालुक्यांसाठी १४० गाव पाणीपुरवठा योजना झाली, आणि तिचं पाणी येतं वान धरणातून, म्हणजे अकोला जिल्ह्यात वारीजवळ अडवलेल्या सातपुड्याच्या पाण्यातून. थोडक्यात, पूर्णेकाठच्या माणसाला प्यायला दुसऱ्या जिल्ह्यातली नदी लागते. नदीपासून जितकं लांब, तितकं पाणी गोड. मुळशीत प्लॉट विकणाऱ्यांना हे कळलं तर त्यांना झोप लागणार नाही.

"मग डोंगराकडे चला," मामा म्हणाले.

सूनगावच्या बाजूला गेलं की सातपुडा खरोखरच दाराशी येतो. इथं डोंगरावरून आलेल्या दगडगोट्यांत पावसाचं पाणी मुरतं. ते गोड असतं, त्याच्यावर संत्र्याच्या आणि केळीच्या बागा उभ्या आहेत. पण पाणी फार खोल, आणि दरवर्षी आणखी खोल. दलालाच्या ले-आउटच्या नावात सातपुडा, दर्शन आणि पार्क हे तिन्ही शब्द होते. सिमेंटचे खुंटे रोवलेले होते, एका खुंट्यावर एक शेळी उभी होती. मागच्या बाजूला एक कोरडा नाला होता.

"पावसाळ्यात वाहत असेल?" मामांनी आशेनं विचारलं.

"वाह्यते नाई भाऊ. येते."

या दोन क्रियापदांमधला फरक २०२३ च्या जुलैत सगळ्या तालुक्यानं पाहिला. डोंगरात पाऊस फुटला आणि जळगाव जामोद-संग्रामपूरच्या नाल्यांनी पिकं, गुरं आणि शेतातली माती नेली. दलालानं ते मोकळेपणानं सांगितलं, त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. शिवाय रानडुकरं येतात, रोही येतात, रात्री जागलीला जावं लागतं. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात १२७ चौरस किलोमीटरचं अंबाबरवा अभयारण्य आहे. तिथली अस्वलं आणि बिबटे सातबारा बघून फिरत नाहीत.

"अजून वर?" मामांनी डोंगराकडे बोट केलं.

वर भिंगारा आहे, गोमाल आहे, चाळीसटापरी आहे. आदिवासी वस्त्या. झरे, जंगल, डोंगर, सगळं अंगणात. मामांच्या कागदाप्रमाणे महाराष्ट्रातलं सर्वांत उत्तम ठिकाण तेच. फक्त धड रस्ता नाही. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या पेपरात येतात. निसर्गरम्य हा शब्द तिथल्या कुणी वापरलेला मी ऐकला नाही.

मामा गोंधळात पडले आणि वऱ्हाडात गोंधळलेला माणूस वैशाखात जिथं जातो तिथं, म्हणजे भेंडवळला निघाले. याच तालुक्यातलं गाव. अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात : गोलाकार अठरा प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, वडा, कुरडई, शेजारी विड्याचं पान आणि सुपारी. रात्रभर तिथं कुणी जायचं नाही. पहाटे चंद्रभान महाराजांचे वाघ घराण्यातले वंशज कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ भिजलं ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणतात. अंनिसवाले दरवर्षी हरकत घेतात, शेतकरी दरवर्षी गर्दी करतात, आणि गर्दीतले निम्मे तरी दोघांचंही ऐकून शेवटी स्वतःच्या मनानं पेरतात.

मामांनी सगळं नीट पाहिलं. ज्वारी, तूर, कपाशी, राजा, परचक्र, सगळ्याला घटात जागा होती. "यात प्लॉटचं काय?" त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं.

"प्लाटाले काय होते भाऊ? तो तं पाऊस नाई आला तरी उगवते."

परतीच्या एसटीत मामींचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "प्यायचं पाणी कुठलं?" मामांनी वान, खारपाण, बोअरची खोली, आरओचे कॅन असं बरंच सांगितलं. मामी म्हणाल्या, "घरी या." प्लॉट घेतला नाही.

कुणाला अशा यादीनं पछाडलं असेल तर जरूर जा. फक्त वैशाखात जा. ले-आउट बघून झाला की दलालाला चहाला पाठवा, सगळ्यात जवळच्या घरी तांब्याभर पाणी मागा, आणि ते कुठून आणलं हे त्या घरच्या बाईला विचारा. सातबारा त्यानंतर.