अस्वलाचा बंदोबस्त
17 जानेवारी 2017. वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीपुढे बेट्सी डेव्हॉस बसल्या होत्या. शिक्षणमंत्रिपदासाठी ट्रम्प यांनी सुचवलेलं नाव. बाई स्वतः कधी सरकारी शाळेत गेल्या नाहीत, मुलंही गेली नाहीत. तेव्हा सरकारी शाळांकडे तटस्थपणे पाहण्याची त्यांची पात्रता वादातीत!

सिनेटर मर्फी यांनी विचारलं, शाळेत बंदुका असाव्यात का? मर्फी कनेक्टिकटचे. तिथल्याच सँडी हूक शाळेत 2012 साली 20 चिमुरडी गोळ्यांना बळी पडली. बाईंनी निर्णय राज्यांवर सोपवला आणि वायोमिंगमधल्या एका शाळेचा दाखला दिला: तिथे ग्रिझली अस्वलांसाठी बंदूक असेल बुवा! (बातमीदार चौकशी करून आले. बंदूक नव्हती, कुंपण होतं.)

कॉलेजांतल्या लैंगिक अत्याचारांबाबतची 2011ची मार्गदर्शक सूचना कायम ठेवाल का? त्यावर मात्र आत्ताच शब्द देणं घाईचं ठरलं असतं. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदाही बाईंना राज्यांच्या मर्जीचा वाटला. तो केंद्रीय आहे हे सिनेटर हॅसन यांनी सांगितल्यावर, गोंधळ झाला असावा, म्हणाल्या. ऐनवेळी गाईड चाळून परीक्षेला बसणारं पोरसुद्धा विषयाचं नाव तरी पाठ करून येतं.

7 फेब्रुवारीला मतं पडली 50-50. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकनसुद्धा विरोधात गेल्या. उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी निर्णायक मत टाकलं. मंत्र्याच्या नेमणुकीसाठी अशी वेळ इतिहासात पहिल्यांदाच आली. ग्रेस मार्क देऊन पास. सप्टेंबरात बाईंच्या खात्याने 2011ची ती सूचना रद्द केली. तेव्हा कुणाला घाई वाटली नाही.