न निघालेल्या अल्बमचे जाणकार

रसिक होण्यासाठी गाणं ऐकावं लागतं, हा पुण्या-मुंबईकडचा गैरसमज आहे. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या एसटीतून बाभुळगावच्या स्टँडवर उतरा आणि पानठेल्यावर दहा मिनिटं थांबा, गैरसमज फिटेल. कापसाचा भाव, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक आणि बेंबळेच्या कालव्याचं पाणी हे तीन विषय संपले (ते संपत नाहीत, कंटाळून बाजूला ठेवले जातात) की सध्या तिथे चौथा विषय निघतो. अरुण कोलटकरांचा रॉक अल्बम.

कोलटकर म्हणजे तेच, ‘जेजुरी’साठी १९७७ चं राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळवणारे. मराठीत कवी, इंग्रजीत कवी, पोटासाठी जाहिरातीच्या धंद्यात, घरी फोन नाही, बैठक काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये. एवढं एम. ए.च्या गाइडात सापडतं. गाइडात सापडत नाही ते असं की, १९७० नंतरच्या काही वर्षांत या गृहस्थांना रॉकचा गायक व्हायचं होतं. चेष्टा नव्हे. ते अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या वळणाची इंग्रजी गाणी लिहिली, स्वतः गाऊन नमुन्यादाखल टेपही केली. रेकॉर्ड काढणारा मात्र कोणी भेटला नाही. पुढे २००९ साली ‘द बोटराइड’ या पुस्तकात त्यांच्या गाण्यांचे शब्द छापून आले, तेव्हा कोलटकरांना जाऊन पाच वर्षं होत आली होती.

आता रसिकाच्या बाजूनं विचार करा. यापेक्षा सोयीचा गीतकार दुसरा कोणता? अल्बम निघालाच नाही, म्हणजे तो पडला नाही. कोणी ऐकला नाही, म्हणजे कोणाला खोडता येत नाही. लग्नात वाजत नाही, रिंगटोन होत नाही, पोरं त्यावर रील काढत नाहीत. या असल्या निर्मळ वातावरणात जाणकारी कशी तरारून येते!

ठेल्यावरचे मुख्य जाणकार म्हणजे आमचे सर. कुठल्या कॉलेजात शिकवतात ते लिहीत नाही, कॉलेजची काही चूक नाही.

“खरा कोलटकर त्या टेपमध्ये हाय,” सर सांगतात. “नंतर तो घसरला. कविता करत बसला.”

ठेल्यावर येणाऱ्या डीजेवाल्या पोराला या सगळ्यात एकच शंका. “सर, त्याच्यात बेस किती हाय?”

“बेस नाही रे बावा. आशय हाय.”

“म्हणजे वरातीत चालत नाही,” असं म्हणून पोरानं मान हलवली. इतकं नेमकं परीक्षण मराठी समीक्षेत माझ्या वाचनात नाही.

जाणकारांचा नियम सोपा आहे. गीतकाराची जुनी शैली खरी, नवी शैली म्हणजे तडजोड. आपल्याला ठाऊक होता तोवर तो थोर होता, शेजाऱ्याला कळला की बिघडला. हे काही बाभुळगावचं संशोधन नाही. २५ जुलै १९६५ ला अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तर त्याच्याच भक्तांपैकी अनेकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मँचेस्टरला एकानं तर भर कार्यक्रमात त्याला ‘जुडास’ म्हणून हाक मारली, म्हणजे येशूला पकडून देणारा गद्दार. तिकीट काढून आलेला माणूस होता तो. याच डिलनला २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, तो समारंभाला गेलाच नाही, आणि भक्त पुन्हा दोन तटांत वाटले गेले. गेला नाही म्हणून थोर की गेला नाही म्हणून माजला?

सर ही गोष्ट रंगवून सांगत होते, तेवढ्यात बाकड्याच्या टोकाला बसलेले काकाजी म्हणाले, “हे तर आपल्या भजन मंडळात झालं ना. कॅसिओ आनला तवा.”

आणि खरंच झालं होतं. कॅसिओचा की-बोर्ड आला तसे पेटीवाले बुवा उठून गेले ते वर्षभर आले नाहीत. मग ऑक्टोपॅड आला, तेव्हा आणखी दोघे गेले. काकाजी मात्र टिकले, कारण त्यांच्याकडे खंजिरी. पावसाळ्यात भजनाआधी ते ती चुलीपाशी नेतात. ओल्या हवेनं सैल पडलेलं कातडं विस्तवाच्या आचेवर धरायचं, मधूनमधून बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा. ठप्प वाजतंय तोवर शेकायचं, आवाज खणखणीत लागला की लगेच मागे ओढायची, नाहीतर कातडं तडकतं. हे चालू असताना काकाजी कोणाशी बोलत नाहीत. साउंड चेक म्हणतात तो हाच, फक्त त्यासाठी कोणी काळे कपडे घालत नाही.

काकाजींचा गीतकार ठरलेला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. आता गीतकाराच्या निकषांवर बघू. मराठी आणि हिंदीत हजारो भजनं, शब्द स्वतःचे, गळा स्वतःचा, हातात स्वतःची खंजिरी, शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव. १९५५ मध्ये जपानच्या परिषदेत जाऊन तिथेही भजन म्हटलं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे १९४२ मध्ये चिमूर-आष्टीचा उठाव झाला, तेव्हा यांची भजनं सरकारला इतकी खुपली की महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बंडखोरीच्या गाण्यांवर डिलननं नोबेलपर्यंत मजल मारली, पण त्या गाण्यांपायी त्याला कोणी तुरुंगात घातलं नाही. मोझरीला महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात पुण्यतिथीला जमणारी गर्दी बघितली तर परदेशी बँडच्या मॅनेजरला चक्कर येईल. आणि तिकीट नाही.

“मान्य हाय,” सर म्हणाले. “पण ते लोकप्रिय हायेत.”

‘लोकप्रिय’ हा शब्द त्यांनी बोंडातून काढलेल्या गुलाबी अळीसारखा चिमटीत धरला होता.

तिथे आमच्या लक्षात आलं की सरांची अडचण संगीताची नाहीच. जे गाणं गावातल्या आजीबाईला पाठ आहे, त्याचा जाणकार होता येत नाही. आजीबाईच जास्त जाणकार ठरते, आणि तिला पगारवाढीसाठी पेपरही छापावा लागत नाही. कीर्तनकार सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात, गावोगाव वाजवत आलेत, हे डीजेवाल्यानं काढलं तेव्हाही सरांनी ‘करमणूक’ म्हणून बाजूला सारलं. सातऐवजी अर्धी खंजिरी असती आणि तीही लंडनमध्ये असती, तर शैलीवर दोन व्याख्यानं झाली असती.

गंमत अशी की कोलटकरांना स्वतःला ही वर्गवारी ठाऊकच नव्हती. रॉक गायचं तर पखवाज शिकला पाहिजे, असं त्यांना वाटलं. बळवंतबुवा नावाच्या भजनगायकाकडे ते वर्षानुवर्षं बसले, त्यांच्या आठवणी ऐकत राहिले. आणि छापण्याची घाई म्हणाल तर, अनेक वर्षं दडवून ठेवलेलं काम शेवटी २००३-०४ च्या सुमारास बाहेर आलं. ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्पसत्र’, तेही अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून. लिहिणाऱ्याला लिहिण्यात रस होता, जाणकारांना दुर्मीळ असण्यात. हे दोन्ही रस एकाच ग्लासात ओतायची चूक सर रोज करतात.

परवा मात्र बाका प्रसंग आला. डीजेवाला म्हणाला, “सर, माहा साळा मुंबईत रेकॉर्डिंगच्या लाइनमध्ये हाय. कोनाकडं ते टेप असन तर पाठवाले सांगू काय? ढोल टाकून देतो, गणपतीत वाजवू.”

ठेल्यावर शांतता पसरली. सरांचा खर्रा तोंडातल्या तोंडात थांबला. टेप येणार, स्टँडवर वाजणार, काकाजी ऐकणार, भेळवाला ऐकणार, कंडक्टर ऐकणार, आणि प्रत्येकजण मत देणार. आवाज बरा नाही, असंही एखादा म्हणणार. मग सर काय करणार?

“घाई नको,” सर म्हणाले. “अशा गोष्टी ऐकाच्या नसतात. त्याइचा अभ्यास करा लागते.”

काकाजींनी तंबाखू झटकली. “मंग खंजिरीचं पन नका ऐकू, राजेहो. अभ्यासच करा.”

वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये अशीच आमची इच्छा आहे, कारण कापसाच्या भावावर परत यायची कोणाचीच तयारी नाही. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. कोलटकरांच्या गाण्यांची टेप कोणाच्या कपाटात, माळ्यावर, ट्रंकेत निघालीच, तर जपून ठेवा, स्वतः ऐका, शेजाऱ्यांना ऐकवा. बाभुळगावला तेवढी पाठवू नका.