नेटचा कप

"ऐकलंत का? नेटचा कप गुलमोहरवाल्यांकडे गेला."

वहिनींनी आवाज इतका खाली घेतला, की कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडलं असावं असं मला वाटलं. कढीपत्ता तोडता तोडता मी भिंतीच्या आणखी जवळ सरकले. गुलमोहरवाले म्हणजे गल्लीच्या टोकाच्या बंगल्यातले. माणूस तसा चांगला, गणपतीच्या वर्गणीला कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण गोल्फच्या बाबतीत वहिनींकडे त्यांची वेगळीच फाइल आहे.

शनिवार-रविवार क्लबची वार्षिक चॅम्पियनशिप होती. भाऊ, म्हणजे वहिनींचे मिस्टर, खेळणार हे ठरलेलंच. यंदा वहिनीही गेल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, आकडेमोड पक्की, म्हणून कमिटीने त्यांना कार्डं तपासायच्या टेबलावर बसवलं. कमिटीला काय माहीत, आपण कुणाच्या हातात शंभरेक कार्डं देतोय!

"मला आधी ते नेट सांगा," मी म्हटलं.

"सांगते. वर्षभर हे लोक रविवारी खेळतात ना, ते सगळं सवलतीवर. त्याला हँडिकॅप म्हणतात. कच्च्या खेळाडूला जास्त फटके माफ, पक्क्याला कमी. त्यामुळे आमच्या ह्यांना आर्मीतल्या कर्नलसाहेबांशीही बरोबरीने खेळल्यासारखं वाटतं. चॅम्पियनशिपला मात्र माफी बंद. दोन दिवस, छत्तीस होल, सगळ्यात मागच्या टीवरून, म्हणजे सगळ्यात लांबून. मारले तेवढे फटके मोजायचे, हा ग्रॉस. ज्याचा ग्रॉस कमी, तो चॅम्पियन. त्याचं नाव लाकडी बोर्डावर, सोनेरी रंगात."

"मग ज्यांना येतच नाही, ते कशाला खेळतात?"

"अगदी बरोबर विचारलंत. ग्रॉस जिंकू शकतील असे पाच-सहाच असतात. उरलेले काय नुसती फी भरायला येणार? म्हणून त्याच कार्डातून हँडिकॅप वजा करतात आणि जे उरेल त्यावर दुसरा कप देतात. तो नेटचा. आणि खरी भांडणं, तुम्हाला म्हणून सांगते, त्या दुसऱ्या कपावरच होतात."

ग्रॉसचा निकाल त्यांनी दोन वाक्यांत उरकला. बारावीतला एक मुलगा आणि कर्नलसाहेब बरोबरीत सुटले, मग अठराव्या होलवर पुन्हा खेळायला गेले, आधी जो जिंकेल त्याचा कप. पोरगा जिंकला, कर्नलसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, टाळ्या झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सगळं नीटच झालं होतं.

काही क्लबांत म्हणे हे असं फटके मोजून होत नाही. पहिल्या दिवशी फक्त निवड होते, वरचे सोळा घेतात आणि मग एकास एक अशा लढती. होल जिंकला, होल हरला, एवढाच हिशोब. एखाद्या होलवर अकरा फटके लागले तरी तो एकच होल जातो. "ते बरं," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी बाराव्याला अकरा घेतले, ते दोन्ही दिवस उरावर बसले."

आता भाऊंना अकरा लागले म्हणून चॅम्पियनशिपच्या इतिहासाचं महत्त्व कमी होत नाही, असं भाऊंचं मत आहे. तो इतिहास वहिनींना पाठ आहे, कारण तो त्यांना रोज जेवताना ऐकावा लागतो. १७४४ साली एडिंबरा शहराने चांदीची एक गोल्फची काठी बक्षीस लावली. लीथच्या मैदानावर सामना झाला, तिथे तेव्हा पाचच होल होते. त्या सामन्यासाठी तेरा नियम लिहून काढले, खेळाचे लिहिलेले सगळ्यात जुने नियम ते हेच. जिंकला जॉन रॅट्रे नावाचा सर्जन. जो जिंकेल तोच वर्षभराचा कॅप्टन, आणि वाद झाला तर निवाडाही त्याचाच.

"पुढचं ऐका," वहिनी भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. "हा रॅट्रे पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. त्याच वर्षी तिकडे बंड झालं, राजपुत्र चार्ल्सचं. प्रेस्टनपॅन्सच्या लढाईनंतर ह्याला जखमींकडे बोलावलं आणि गडी राजपुत्राचा वैद्य होऊन त्याच्या फौजेबरोबरच राहिला. कलोडनला बंड मोडलं, हा पकडला गेला. फासावरच जायचा. पण वरच्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश डंकन फोर्ब्स, तोही गोल्फ खेळणारा. त्याने रदबदली केली, हा सुटला. आणि १७५१ ला परत येऊन पुन्हा जिंकला!"

"म्हणजे क्लबातली ओळख फासापर्यंत कामाला येते."

"आमच्या क्लबात सकाळी सातची टी-टाइम मिळवायलाही येत नाही."

ह्याच रॅट्रेचा क्लब पुढे म्युअरफील्डला गेला, आणि बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवायला त्याने २०१७ साल उजाडवलं. २०१६ ला मतदान झालं तेव्हा दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. मग ब्रिटिश ओपन भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने सांगितलं, आता तुमच्याकडे स्पर्धा नाही. वर्षभरात मतपरिवर्तन झालं. वहिनी हे सांगताना फार खुशीत असतात. सेंट अँड्र्यूजचं तर आणखी मजेशीर. तिथे कॅप्टन आता आधीच निवडलेला असतो, पण चांदीची काठी 'जिंकायची' प्रथा मोडवत नाही. म्हणून सप्टेंबरात सकाळी तो एकच फटका मारतो, त्याच वेळी तोफ उडते, समोर उभे असलेले कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारे, चेंडूमागे धावतात. जो चेंडू आणून देईल त्याला सोन्याचं नाणं. स्पर्धक एक, फटका एक, विजेता तोच. बिनविरोध निवडणूक आपल्याकडेही होते, पण तिला तोफ लावायचं आपल्याला अजून सुचलेलं नाही.

"ते राहू द्या, टेबलावर काय झालं ते सांगा," मी म्हटलं. एव्हाना माझ्या गॅसवर डाळ होती, पण डाळ थांबू शकते.

टेबल म्हणजे मांडवाखाली दोन खुर्च्या, पाण्याची बाटली आणि पेन्सिलींचा मग. ह्या खेळात मैदानावर पंच नसतो. आपलं कार्ड आपण लिहीत नाही, बरोबरचा खेळाडू लिहितो, त्याला मार्कर म्हणतात. शेवटी दोघांनी सही करायची आणि कार्ड द्यायचं. बेरीज कमिटीची जबाबदारी, पण प्रत्येक होलचा आकडा खेळाडूची. एखाद्या होलला मारले त्यापेक्षा कमी लिहून कार्ड दिलं तर बाद. जास्त लिहून दिलं तर तो जास्तीचा आकडा गळ्यात.

"त्या दि विचेंझोचं झालं ना तसं." वहिनींनी हे आपल्या मामेभावाबद्दल बोलावं तसं सांगितलं. १९६८ ची मास्टर्स, अमेरिकेत ऑगस्टाला. रोबेर्तो दि विचेंझो, अर्जेंटिनाचा. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलवर तीन फटके मारले, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले, पण मार्कर टॉमी ॲरनने चार लिहिले. ह्याने न बघता सही केली. झालं, ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बीशी होणारी बरोबरीची लढत हुकली. एका फटक्याने हरला, तोही न मारलेल्या.

"म्हणून मी प्रत्येकाला म्हणत होते, होल-होल बघून सही करा. आमचे हे आले. कार्ड ओलं, घामाने आकडे पुसट. चौदाव्याला सहा लिहिलेले. मी विचारलं, तळ्यात गेलेला धरलात का?"

"भर टेबलावर?"

"मग काय घरी आल्यावर? मांडवाबाहेर पाऊल पडलं की कार्ड पक्कं, मग दुरुस्ती नाही. आधी म्हणाले, धरलाय. मग मार्करकडे बघितलं. मग आकाशाकडे. मग पेन्सिल घेतली आणि सात केले, मार्करने मान डोलावली. रविवारी रात्रीपासून माझ्याशी मोजकंच बोलतायत." वहिनींना ह्याचं वाईट वाटत होतं असं मला काही दिसलं नाही.

आणि मग आले गुलमोहरवाले.

हँडिकॅपचा हिशोब आता २०२० पासून जगभर एकच आहे. शेवटची वीस कार्डं घ्यायची, त्यातली सगळ्यात चांगली आठ निवडायची, त्यांची सरासरी, तिला इंडेक्स म्हणतात. मैदान किती अवघड, त्याचाही आकडा त्यात धरतात. म्हणजे माणूस रोज कसा खेळतो हे नव्हे, तो जमून आल्यावर कसा खेळतो ते मोजायचं. कल्पना चांगली आहे. फक्त ती कार्डं भरणारा माणूस सरळ असायला हवा.

"गेल्या दिवाळीत त्यांचा इंडेक्स पंधराच्या पुढे थोडासा," वहिनी बोटांवर मोजत म्हणाल्या. "मग पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात शहाणी माणसं नऊ होल खेळतात आणि भजी खायला आत येतात. ह्यांनी मात्र जून ते सप्टेंबर नेमाने अठरा होल खेळून नेमाने कार्डं भरली. एकेक कार्ड असं की बघवत नाही. इंडेक्स चढला बरोबर पाचने."

"पाचनेच का?"

"कारण त्याच्या वर जाऊच देत नाहीत! वर्षभरातल्या तुमच्या सगळ्यात चांगल्या इंडेक्सपेक्षा तीनने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचला कुलूप. नाहीतर तेवीसच्या घरात गेले असते. तर आमच्या मैदानावर त्यांचे माफ फटके झाले बावीस. स्पर्धेला त्याचे पंचाण्णव टक्के, म्हणजे एकवीस. रविवारी माणसाने किती मारले असतील?"

"मला काय कळणार?"

"एक्क्याऐंशी! वजा एकवीस. साठ नेट! पार बहात्तर, म्हणजे पक्क्या खेळाडूलाही बहात्तर लागावेत अशा मैदानावर साठ! टायगर वुड्सला बोलवा म्हणावं."

ह्यावर मी साहजिकच विचारलं की मग कप दिला कसा. तर पुरावा काय? पावसात पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, हुकणं हा गुन्हा नाही. कार्डावर मार्करची सही आहे. कमिटीचे तिघे अर्धा तास आत बसले, दोनदा चहा मागवला आणि बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या. सिस्टिमने मात्र आपलं काम केलं. एवढं अचाट कार्ड आलं की इंडेक्समधून दोन आपोआप कापले जातात, ते रात्रीच कापले गेले. कमिटी आणखी कापणार आहे असं कानावर आहे. पण कप घरी गेला तो गेलाच.

पुरावा कॅडीकडे होता, पण कॅडीला कोण विचारतो? त्यानेच टेबलामागे उभं राहून वहिनींना सांगितलं, साहेब पावसात दोन फुटांचे पट सोडायचे आणि वर आपल्यालाच म्हणायचे, आज लाइन चुकीची दिली रे. वहिनींच्या मते सगळ्या क्लबातला खरा हँडिकॅप कॅडींना माहीत असतो. कॅडींचा स्वतःचा खेळ तर विचारूच नका. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथल्या ग्रीनकीपरचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया त्याच गवतावर शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. आमच्या क्लबातही कॅडींना चॅम्पियनशिप खेळू दिली असती, तर सोनेरी बोर्डावरची नावं वेगळी दिसली असती, हे माझं मत. वहिनींनी ह्यावर भाष्य केलं नाही, पण भाऊ घरात आहेत का ते मात्र वळून बघितलं.

"बक्षीस काय मिळालं हो त्यांना?"

"रोख देताच येत नाही. हौशी खेळाडूला नेटच्या स्पर्धेत पैसे घेतले की हौशीपणच जातं. म्हणून वस्तू. एअर फ्रायर मिळालाय."

"एअर फ्रायर? चार महिने पावसात भिजून?"

"मोठा आहे हो, चार लिटरच्या वरचा. चांगल्या कंपनीचा." वहिनी जरा थांबल्या. "गुरुवारी बोलावलंय आम्हाला. त्यात अळूवड्या करून बघणार आहेत म्हणे."

"आणि जाणार तुम्ही?"

"न जाऊन कसं चालेल? पान आपल्याच दारचं मागितलंय त्यांनी. तुम्हीही या. आणि येताना तुमच्याकडची चिंचगुळाची चटणी आणा, त्यांच्याकडे फार गोड करतात."

आतून भाऊंनी हाक मारली. पेन्सिल कुठे ठेवलीस, असं विचारत होते.

"बोलले!" वहिनी म्हणाल्या आणि आत पळाल्या. माझी डाळ लागली होती.