प्लेट गेली!

क्लचचं निदान करण्याआधी आपली गाडी स्पोर्ट्‌स कार आहे की नाही, याचा निकाल लावून घ्यावा. दौंड तालुक्यातल्या आमच्या कुरकुंभमध्ये हे सोपं आहे. टप उघडतो, दारं दोनच आहेत आणि मागं बसलेल्या मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात, म्हणजे स्पोर्ट्‌स. या कसोटीला टप कापलेली जुनी स्टँडर्ड हेराल्ड पुरेपूर उतरते. जाणकार नाक मुरडतील. त्यांना सोयरीक सांगावी. ट्रायम्फनं १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये हेराल्ड काढली, तिचा आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं रेखला, आणि १९६१ पासून ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌समध्ये बनू लागली. पुढं १९६२ मध्ये आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायरला स्पोर्ट्‌स कार म्हणायला कोणाचीच हरकत नसते, आणि ती याच हेराल्डची चासी आखूड करून केलेली. सख्खी धाकटी बहीण स्पोर्ट्‌स म्हटल्यावर थोरलीला नावं ठेवणारे तुम्ही कोण, एवढं म्हणून विषय संपवावा.

आता गाडी बंद पाडावी. त्यासाठी पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, तो चौक सोयीचा. एकीकडून एमआयडीसीच्या शिफ्टच्या बसगाड्या, दुसरीकडून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, आणि मध्ये आपण पहिला गिअर शोधतोय. गिअर पडत नाही. खर्र आवाज येतो. तुम्ही खाली उतरायच्या आत कोणीतरी सांगतं, "प्लेट गेली."

नवशिक्यानं घाबरू नये. इथं प्लेट नेहमीच गेलेली असते. गिअर पडत नसला तरी प्लेट गेली, पडलेला निघत नसला तरी प्लेट गेली. बॅटरी उतरली असली तरी एखादा जाणता माणूस आधी प्लेटचंच नाव घेतो. त्यात हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं आणि इंजिन पुढच्या चाकांसह उघडं पडतं. हे पाहायला आणखी दहा-बारा जण थांबतात. या मंडळींना हाकलू नये, त्यांच्यात तुमची निम्मी हत्यारं आहेत.

सगळ्यात मोठ्यानं बोलणारा कोण, ते बघा आणि त्याला, "अण्णा, जरा आत बसून क्लच दाबता का?" असं म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. आता त्याला बाहेरचं काही दिसणार नाही, तुम्हाला मात्र सगळं दिसेल. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. त्यानं क्लच दाबला-सोडला की पंख्याच्या पट्ट्याची खालची, क्रँकवरची पुली निरखून बघा. पुली जागच्या जागी राहिली तर उत्तम. क्लच दाबताच ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढं आली आणि सोडताच मागं गेली, तर क्लचबद्दल बोलणं तिथंच थांबवा. क्रँकशाफ्टला पुढं-मागं सरकू न देणारे अर्धगोल थ्रस्ट वॉशर झिजलेत. ट्रायम्फच्या या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. क्रँक सरकायला हवा काही हजारांश इंच आणि सरकतोय बोटाच्या नखाएवढा, असं झालं की एखाद दिवशी वॉशर निसटून खाली तेलाच्या संपमध्ये पडतो आणि क्रँक ब्लॉकलाच खायला लागतो. वॉशर स्वस्त आहेत, ब्लॉक नाही. आणि क्लच दाबल्यावर क्रँकच पुढं पळत असेल, तर पायाचा तेवढा जोर वाया जातो आणि क्लच पुरता सुटत नाही. म्हणजे लक्षण क्लचचं आणि आजार भलत्याचाच. ही तपासणी फुकट आहे, म्हणूनच ती कोणी करत नाही.

पुली हलली नाही तर पेडलकडे या. आधी पेडलखालची चटई काढा. घराघरांत गाडीवरच्या प्रेमापोटी रबरी चटईवर रेक्झिन, रेक्झिनवर गोणपाट अंथरलेलं असतं, आणि पेडल तळापर्यंत पोचतच नाही. चटई निर्दोष निघाली तर इंजिन चालू करून, पेडल भराभर दोन-तीनदा दाबून गिअर टाकून बघा. आता गिअर निमूट पडला, तर प्लेट शाबूत आहे. हायड्रॉलिकमध्ये हवा शिरलीय किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल किती आहे, बघा. कमी असेल तर ब्रेक ऑइलच घाला. हे ठासून सांगावं लागतं, कारण तेवढ्यात मागून कोणीतरी ट्रॅक्टरचं ऑइल घेऊन आलेला असतो आणि त्याचा भाव निर्मळ असतो. इंजिन ऑइलनं त्या सिलिंडरांची रबरं फुगतात आणि धड चाललेलंही बसतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडू नका. ते रंग खातं. मग अण्णांना पुन्हा क्लच दाबायला लावून गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरची दांडी किती सरकते ते पाहा. दांडी सरकत नाही आणि डबी भरलेली आहे, तर पेडलची पिन तपासा. गोल भोकाचं लांबट भोक झालेलं असतं, आणि पायाची बरीचशी चाल त्या भोकातच संपते.

एक खुलासा: हेराल्डच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी चालती असताना पहिला टाकलात तर ती ओरडणारच. तो तिचा स्वभाव आहे. खरा पुरावा रिव्हर्सचा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळाला दाबून पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. तरीही दात खाल्ले, तर क्लच सुटत नाहीये.

प्लेट घसरतेय का, हे वासावरून ओळखावं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणारा कुरकुंभला राहिलेला नाही. इथं एमआयडीसीचा वारा गावाकडे वळला की जळक्या प्लेटचा वास वेगळा काढणं माणसाच्या नाकाचं काम नाही, आणि गाळप हंगामात त्यात मळीची भर पडते. म्हणून कानावर भरवसा ठेवा. पाटसहून रोटी घाट चढताना टॉपमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन किंचाळू लागलं आणि वेगाचा काटा आहे तिथंच राहिला, तर प्लेट घसरतेय. घाटापर्यंत जायची हिंमत नसेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, समोरची माणसं बाजूला घ्या, टॉप गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर अभिनंदन. चालूच राहिलं तर जमावाचं म्हणणं खरं निघालं. ही परीक्षा एकदाच घ्यावी. लोकांना पुन्हा दाखवण्यासाठी घेतली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

आवाजाचं थोडक्यात: क्लच दाबल्यावर कुईकुई वाढली तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल आलंय किंवा इंजिनची रबरी माउंटिंगं गेलीत. माउंटिंगं आधी बघा.

ट्रॅक्टरच्या मिस्तरीचा सल्ला जरूर ऐका, फक्त त्याच्या हिशेबात क्लच दुहेरी असतो, हे विसरू नका. अर्धा दाबला की चाकं सुटतात, पुरता दाबला की मागचं पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा दांडा. तुमच्या गाडीला पीटीओ नाही, हे त्याला पटायला वेळ लागतो. सुट्या भागांसाठी कोणी शेजारच्या शिरूर तालुक्यातला, रांजणगावचा फियाटचा मोठा कारखाना सुचवेल. हेराल्डसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

एवढं सगळं करून प्लेटच दोषी ठरली तर गिअरबॉक्स काढावा लागेल, आणि हेराल्डचा गिअरबॉक्स खालून न काढता आतून, पायांमधलं बोगद्याचं झाकण उघडून काढायचा असतो. आधी सीट बाहेर. एवढी मजुरी दिल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला. नवी प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट मिळाला नाही, तर सुताराकडून दांडका घासून घ्या आणि चिकटपट्टी गुंडाळून मापाला आणा.

आता प्लेट का गेली, ते ऐका. उघड्या टपाची गाडी गावात एकच असते, आणि लग्नसराईत तिच्यावर सगळ्यांचा हक्क असतो. डीजेच्या मागं, माणसाच्या चालीनं, दोन तास अर्ध्या क्लचवर वरात निघते. मागं नवरदेव, पुढं बॉनेटवर नाचणारा मावसभाऊ. यापुढं तालुक्यातली कुठलीच प्लेट टिकत नाही. नव्या प्लेटला पहिले काही शे किलोमीटर सांभाळायचं असतं, म्हणून मेव्हणा किल्ली मागायला आला तर गिअरबॉक्स अजून दौंडलाच पडलाय, असं सांगा, आणि गाडीवर ताडपत्री टाकून ठेवा.