प्रेसचा विमा आहे, हाताचा?

भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात जा. पॉवर प्रेसचा विमा असतो, कारण कर्ज देणाऱ्या बँकेने तो काढायला लावलेला असतो. मालाचा असतो, टेम्पोचा असतो, शेठच्या गाडीचा तर असतोच.

प्रेसखाली हात घालणाऱ्याचा?

"आपल्याकडे आजवर कधी काही झालं नाही हो." आग तरी कधी लागली होती? तिचा हप्ता मात्र दरवर्षी तारखेला जातो.

कामगार भरपाईचा कायदा 1923 सालचा. काम करताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. कामगाराचं लक्ष नव्हतं, हात घसरला, असल्या सबबी चालत नाहीत. तो दारू पिऊन आला होता, सुरक्षेचा आदेश त्याने जाणूनबुजून मोडला किंवा गार्ड मुद्दाम काढला, एवढेच काय ते बचाव. माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तेही उपयोगाचे नाहीत. आणि गार्ड काढायला सांगतं कोण? महिनाअखेरीला नग कमी पडले की काय होतं, ते प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक आहे.

आता हिशेब. तीस वर्षांचा कामगार, पगार 15 हजार. मृत्यू झाला तर निम्मा पगार गुणिले 207.98, हा गुणक वयावरून ठरतो. झाले 15,59,850 रुपये. अंगठा गेला तर कमाईची 30 टक्के क्षमता गेली असं परिशिष्टच सांगतं. अपंगत्वात पगाराचा हिस्सा निम्म्याहून जास्त धरतात, म्हणून त्याचे 5,61,546 रुपये. उपचारांचा खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. उशिराला सबळ कारण नसेल, तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड.

सात माणसांच्या गाळ्यात एवढी रोकड असते कोणाकडे?

मग सुरू होते मिटवामिटवी. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच. दवाखान्याच्या जिन्यात दोन लाख रुपये, एक स्टॅम्प पेपर, गावाहून रात्रीच्या एसटीने आलेल्या भावाची सही. ज्या बाईचा नवरा गेला, ती त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचण्याच्या अवस्थेत तरी असते का? शेठला वाटतं, सुटलो. सुटला नाही. मृत्यूची भरपाई सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरत नाहीत; आगाऊ दिलेल्या रकमेतून फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी वजावट मिळते. हक्क सोडून दिल्याचा करार तर कायद्याच्या लेखी रद्दच. म्हणजे दोन लाख गेले आणि पंधरा लाखांचं देणं जवळजवळ तसंच उभं.

बाईची फसवणूक झाली, आणि शेठने स्वतःचीही करून घेतली.

"ती माणसं ठेकेदाराची होती." असतील. दावा मूळ मालकावरही लागतो. भरलेले पैसे त्याने मागाहून ठेकेदाराकडून वसूल करायचे. ठेकेदाराचा फोन तोवर बंद झालेला असतो.

"आमच्याकडे ईएसआय आहे." उत्तम. पण महिना 21 हजारांच्या वर पगार घेणारा तुमचा जुना फिटर त्यात बसत नाही. त्याच्या हाताची जबाबदारी फिरून तुमच्यावरच.

नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. घरून कामावर येता-जाताना झालेल्या अपघाताचा कामाशी संबंध दिसला, तर तोही आता भरपाईत येतो. जुन्या कायद्याखाली त्यासाठी भांडावं लागायचं. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 मध्ये पहाटे 3 च्या ड्यूटीला निघाला आणि वाटेतच गेला. त्याच्या घरच्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला जुलै 2025 मध्ये.

बावीस वर्षं. आणि तिथे विमा होता.

नसता, तर त्या घराने कोणाच्या दारात उभं राहायचं? मालक दिवाळखोर झाला, गाळा विकून गेला, तर निकाल हातात घेऊन काय करायचं?

कामगार भरपाईच्या पॉलिसीचा हप्ता पगाराच्या एकूण रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. म्हणून वीस माणसं असताना बाराच दाखवायची, पगार निम्मा लिहायचा, ही युक्ती निघाली. अपघात तेराव्याला होतो. प्रेस यादी बघून खाली येत नाही.

दंडाचंही नीट समजून घ्या. भरपाई विमा कंपनी देईल, तुम्ही केलेल्या दिरंगाईचा दंड भरणार नाही. तो तुमच्याच खिशातून जाईल. पॉलिसी आहे म्हणून अपघात कळवायला आठवडा लावणं परवडणारं नाही.

तेव्हा कपाटातला कागद बाहेर काढा. ठेकेदाराची माणसं त्यात आहेत का? उपचारांचा खर्च धरलाय का? पगाराचा आकडा खरा आहे का? मग शॉप फ्लोअरवर जाऊन माणसं मोजा.

रात्रपाळीचीसुद्धा.