सालदारकी, सरकारी

पोरगा अग्निवीर झाला, तसा चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अकरा पुढारी आहेत. पोरगा कुठे, ते चष्मा लावून शोधावं लागतं. उद्या नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात हजर व्हायचंय. गाडीने तीन-चार तासांचा रस्ता, पण त्याच्या आईने काळ्या पेटीत बिबड्या आणि शेव अशी कोंबलीय, जणू तोफेत तीच भरायची आहे.

भरतीला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावणारा हा गडी घरात पाण्याचा तांब्या आणायला अर्धा तास लावायचा. आता पहाटे हवालदार उठवेल, या विचाराने मला आठ दिवस जे होतंय, त्याला मी ॲसिडिटी म्हणतो.

आमच्या खान्देशात आखाजीला सालदार ठरतो, वर्षाच्या बोलीवर. सरकारने २०२२ पासून चार वर्षांची बोली केली, म्हणजे प्रगतीच. मग शंभरात जास्तीत जास्त पंचवीस कायम. बाकीच्यांना ११ लाख ७१ हजारांच्या आसपास सेवानिधी आणि रामराम. फ्लेक्सवर तेवढं लिहायला जागा उरली नसावी.

रात्री दोनदा उठून पेटीचं कुलूप पाहिलं. तिसऱ्यांदा उठलो, तर त्याची आई पेटीशी बसलेली.

"पानी पेवाले उठनू," म्हणाली.

माठ स्वयंपाकघरात आहे.